‘हंस’ पुन्हा लावायला काय हरकत होती?

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताने बुद्धी तल्लख होते असं वाचलं आणि मी तिच्यासाठी २० संगीतकारांचा तक्ता केला. आठवड्याला एक संगीतकार, रोज ४० मिनिटं ऐकायचं आणि शनिवारी जन्मसाल, देश व पाच रचना यांवर चाचणी. सुरुवातीला ती आवडीने बसायची. साँ-साँस या संगीतकाराचा ‘हंस’ हा चेलोवरचा तुकडा तिने चार वेळा मागितला, पण त्या आठवड्यात ब्राम्स होता म्हणून लावला नाही. आता स्पीकर सुरू केला की ती कानांवर हात ठेवते. मोझार्ट पाचव्या वर्षी रचना करत होता. आम्हाला उशीर तर होत नाही ना? पियानोच्या ग्रेड परीक्षा कधी द्याव्यात? यात करिअर होईल का? – एक वडील

उत्तर : तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण मला तुमचं एकच वाक्य टोचत राहिलं. ‘त्या आठवड्यात ब्राम्स होता म्हणून लावला नाही.’ आठ वर्षांचं मूल एखादी रचना चार-चार वेळा मागतं, म्हणजे ती चाल त्याच्या ओळखीची झालेली असते. पुढचा सूर कुठे जाणार हे त्याला ठाऊक असतं आणि तरी तो येण्याची ते वाट बघतं. तुम्हाला जे घडवायचं होतं ते त्या दिवशी घडलं होतं. तुम्ही तिला तिथून उठवून तक्त्यासमोर बसवलंत.

ती कान झाकते त्याचा अर्थ तिला संगीत आवडत नाही असा घेऊ नका. स्पीकरमधून पहिला सूर आला की तिला शनिवार दिसतो. आपण चुकणार, बाबांचा चेहरा पडणार, हे आधीच कळलेलं मूल दुसरं काय करेल? खरं सांगायचं तर तिच्या कानांची मला काळजी वाटत नाही, तुमच्या शनिवारची वाटते.

आणि त्या चाचणीतून कळणार तरी काय? पियानो शिकणारं जवळपास प्रत्येक मूल जी मेजर या पट्टीतला एक छोटा मिन्युएट, म्हणजे नाचाची चाल, वाजवतं. संगीतकार बाखने पत्नी आना माग्दालेना हिला दिलेल्या १७२५ च्या वहीत तो आहे, म्हणून तो बाखचाच असं कित्येक पिढ्या धरून चालल्या. तो ख्रिस्टियान पेट्झोल्ड या दुसऱ्याच संगीतकाराचा, हे विसाव्या शतकात ध्यानात आलं. तोवर ज्या मुलांनी तो बाखचा समजून मन लावून वाजवला, त्यांचं काय बिघडलं? तुमच्या शनिवारी मात्र त्यांचा एक गुण गेला असता. बाखने आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान नऊ वर्षांचा असताना, १७२० मध्ये, त्याच्यासाठीही एक वही सुरू केली होती. सुरांच्या खुणा, बोटं कुठे ठेवायची ते, आणि मुलाला पेलतील अशा लहान रचना, असं बापाने स्वतः बसून लिहिलेलं त्यात आहे. तुमच्या तक्त्यात वीस संगीतकार आहेत, तुमची मुलगी कुठेच नाही.

आता मोझार्ट. तुम्ही त्याचं वय पाहिलंत, घर पाहिलं नाहीत. वडील लेओपोल्ड स्वतः व्हायोलिनवादक. व्हायोलिनवादनावरचा त्यांचा ग्रंथ मुलाच्या जन्माच्याच वर्षी, १७५६ मध्ये प्रसिद्ध झाला. थोरली बहीण नानर्ल शिकायला बसली की तीन वर्षांचा वोल्फगांग कीबोर्डपाशी येऊन कानाला गोड लागणाऱ्या सुरांच्या जोड्या शोधत राहायचा. तो आपण होऊन तिथे आला होता. पुढचं मात्र विसरू नका. १७६३ मध्ये निघालेला या भावंडांचा दौरा तीन वर्षांहून जास्त चालला. १७६५ मध्ये हेगला आधी नानर्ल आणि मग वोल्फगांग इतके आजारी पडले की जीवावर बेतलं. नानर्ल लग्नाच्या वयाची झाल्यावर तिचे दौरे थांबले. तिच्या हातातली कला घरातच राहिली. बेथोव्हेनच्या वडिलांनाही घरात दुसरा मोझार्ट हवा होता. १७७८ मध्ये कोलोनच्या मैफलीच्या जाहिरातीत सात वर्षांच्या मुलाचं वय सहा लिहिलं गेलं. ‘आम्हाला उशीर तर होत नाही ना’ हे वाचताना मला ती जाहिरात आठवली. तुमच्या मनात माया आहे हे पत्रात ठिकठिकाणी दिसतं, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहिते आहे.

बुद्धी तल्लख होण्याचा समज आता सोडून द्या. तो १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या निबंधातून निघाला. प्रयोग ३६ विद्यार्थ्यांवर झाला होता आणि ते सगळे कॉलेजातले होते. त्यांनी मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक सोनाटा दहा मिनिटं ऐकली आणि घड्या घातलेला कागद कापून उलगडला तर कसा दिसेल, अशा प्रकारच्या कोड्यांत त्यांची कामगिरी थोडी सुधारली. हा परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. निबंधात लहान मुलं नव्हती आणि कायमची बुद्धी वाढण्याचा दावाही नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. पुढच्या प्रयोगांत काहींना मोझार्ट ऐकवला, काहींना गोष्ट. ज्यांना गोष्ट जास्त आवडली, त्यांना गोष्टीनंतर कोडी चांगली सुटली. म्हणजे मन प्रसन्न झालं की डोकं थोडा वेळ तरतरीत होतं, इतकाच त्याचा अर्थ. कान झाकून बसलेल्या मुलीला त्यातलं काय मिळणार?

ग्रेड परीक्षा ग्रेड एकपासून ग्रेड आठपर्यंत असतात, बहुतेक मंडळांत वयाची अट नसते, आणि त्या केव्हा द्यायच्या हे तिच्या शिक्षकांनी सांगावं, तुम्ही नाही.

करिअरचं विचाराल तर व्हायोलिन आणि पियानोचे एकल वादक बहुतेक करून लहानपणीच सुरुवात करतात, हे मी नाकारत नाही. पण बासून हे लांब फुंकवाद्य किंवा डबल बास हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, अशी मोठी वाद्यं पेलायला आधी अंगपिंड वाढावं लागतं, आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या गळ्याची खरी तयारी तर आवाज पक्का झाल्यावरच होते. तेव्हा आठव्या वर्षी सगळी दारं बंद झाली असं समजू नका. अलेक्झांडर बोरोदिन पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. प्रयोगशाळेतून सवड मिळेल तसं संगीत लिहायचा. १८६९ मध्ये हाती घेतलेला ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा १८८७ मध्ये तो वारला तेव्हाही अपुराच होता. मित्रांनी तो पुरा केला आणि आज तो जगभर होतो. तुमची मुलगी रसायनशास्त्रात गेली तरी संगीत तिचं राहू शकतं, फक्त आत्ता त्याची धास्ती बसता कामा नये.

म्हणून निदान तीन महिने तक्ता उतरवून ठेवा आणि चाचणी बंद करा. तसं तिला शब्दांत सांगा, नाहीतर ती पुढच्या शनिवारी पुन्हा धास्तावेल. एरवी तुम्ही एकटे, तुमच्यासाठी, दिवसातून दहा मिनिटं ऐका. तिला बोलावू नका. चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं वाद्य) किंवा व्हायोलिन वाजवणारं कुणी ओळखीचं असेल तर एकदा तिला वाद्याच्या अगदी जवळ बसू द्या. गज तारेवर टेकला की लाकूड थरथरतं. तिथे हात ठेवून पाहिलेलं मूल तो सूर विसरत नाही. चाल लक्षात ठेवून पात्रं ओळखायला तिला आवडेल असं वाटलं तर प्रोकोफिएव्हची ‘पीटर आणि लांडगा’ ही १९३६ ची संगीतकथा आहे. त्यात पक्षी बासरीवर, बदक ओबोवर, मांजर क्लॅरिनेटवर आणि लांडगा तीन हॉर्नवर येतो. पण तिने विचारलं तरच.

आधी तिची जुनी मागणी पुरी करा. ‘हंस’ हा साँ-साँसच्या १८८६ च्या ‘प्राण्यांचा कार्निव्हल’मधला तुकडा. ही सगळी रचना त्याने गंमत म्हणून केली आणि आपल्या गंभीर नावाला बाधा येईल म्हणून हयातीत छापू दिली नाही. अपवाद फक्त ‘हंस’चा. तो त्याने स्वतःहून बाहेर येऊ दिला. बाकीच्या तुकड्यांत कासवं आहेत, हत्ती आहे, आणि सरगम घोटत बसलेले पियानोचे विद्यार्थीही आहेत. तेही त्याने प्राण्यांमध्येच बसवलेत. तुमची मुलगी तिथे पोचली तर खूप हसेल.

सध्या फक्त हंस. दोन पियानो पाण्यासारखे हलत राहतात आणि चेलो त्यावरून शांतपणे सरकतो. शेवटी चेलोचा वरचा एक सूर लांब धरलेला राहतो आणि खालचं पाणी हळूहळू निवतं. तिने पुन्हा लाव म्हटलं तर पुन्हा लावा, पाचव्यांदा म्हटलं तर पाचव्यांदा. आणि तो शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत तिला काही विचारू नका.