उडी चुकते कुठे?

सुट्ट्या लागल्यापासून नागपूरकर वाचकांच्या पत्रांत एकाच खेळाची चौकशी जास्त आहे. ब्राउझरमध्येच उघडणारा, डाउनलोड न लागणारा पार्कोरचा खेळ. आपलं पात्र पडद्यावर दिसत नाही, आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि फळीवरून फळीवर उड्या मारत पुढे जातो. निवडक प्रश्न घेतले आहेत.

पहिल्या पाच फळ्या आरामात पार होतात. सहाव्या लांब उडीला मात्र दर वेळी खाली. धावत येऊन स्पेस दाबतो, तरी पडतो.
— विद्यार्थी, हिंगणा रोड

तुम्ही बहुधा लवकर उडताय. कड जवळ आली की भीतीने बोट आधीच दाबलं जातं. अशा साध्या खेळांत हवेत राहण्याचा वेळ ठरलेला असतो, त्यामुळे उडीची लांबी म्हणजे पुढे जाण्याचा वेग गुणिले तो वेळ. समजा वेग सेकंदाला 6 मीटर आणि हवेतला वेळ 0.8 सेकंद, तर उडी 4.8 मीटरची. कडेच्या 80 सेंटिमीटर आधी उडालात तर त्यातले 80 फळीवरच खर्च झाले. समोरची फट 4.5 मीटरची असेल तर पडणारच.

उलट थोडं उशिरा उडणं अनेक खेळांत खपतं. पाय सुटल्यावरही सुमारे दशांश सेकंद उडी मान्य होते. खेळ बनवणारे याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. वरच्याच वेगाने तेवढ्यात 60 सेंटिमीटर पुढे जाता येतं. तुमच्या खेळात ही सवलत आहे का, हे सोप्या फळीवर तपासा: कडेवरून नुसते चालत बाहेर पडा आणि लगेच स्पेस दाबा. उडी लागली तर आहे. पण भरवसा कडेवरच ठेवा, सवलत चुकीसाठी राखून.

या खेळात पाय दिसत नाहीत, खरी अडचण तीच. समोर सरळ पाहत धावलात तर कड पडद्याच्या खाली कधी गेली ते कळतच नाही. म्हणून धावताना नजर जरा खाली ठेवा. कड पडद्याच्या तळाशी आली की नजर उतरायच्या फळीवर न्या, आणि मग स्पेस. बहुतेक खेळांत तुमचं शरीर म्हणजे एक अदृश्य नळकांडं असतं आणि कॅमेरा त्याच्या मधोमध. त्यामुळे डोळा कडेबाहेर गेला तरी मागचा भाग अजून फळीवर टेकलेला असतो. कड संपल्यासारखी वाटते तेव्हा ती थोडी उरलेली असते, ती अशी.

धाव फळीच्या मागच्या टोकापासून घ्या. हवेत डब्ल्यू, म्हणजे पुढे जायचं बटण, सोडू नका. कित्येक खेळांत तो सोडला की वेग तिथेच मरतो.

दुपारी गेम अडकून राहिला, रात्री मात्र भुर्र चालते. काहून? नेट तर दोन्ही वेळेस सारखंच आहे.
— वाचक, महाल

नेटचा दोष नाही. एकदा उघडल्यावर असा एकट्याने खेळायचा खेळ तुमच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपवरच चालतो. दोष मे महिन्याचा. बाहेर 45 अंश असताना आतली चिप तापते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. त्यात लॅपटॉप गादीवर असला तर खालची हवा खेचायची जाळीच बंद. टेबलावर ठेवा, मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. दोन जाड वह्या पुरतात, जाळी तेवढी मोकळी ठेवा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, त्यातून पाण्याचे बारीक थेंब येतात.

लाइट गेल्यावरही असंच होत असेल तर लॅपटॉपचा बॅटरी वाचवण्याचा मोड पाहा. तो चालू असेल तर हळू होणारच.

रात्रीही अडकू लागला तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ उघडा, ग्राफिक्स अॅक्सिलरेशन चालू करा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. हे बंद असेल तर सगळं चित्र प्रोसेसर काढतो आणि धापा टाकतो.

याचा उड्यांशी थेट संबंध आहे. 60 हर्ट्झच्या पडद्यावर दर 16.7 मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं. चित्रांची संख्या सेकंदाला 20 वर घसरली की दोन चित्रांमध्ये 50 मिलिसेकंद जातात, म्हणजे वरच्या वेगाने 30 सेंटिमीटर. कड त्या दोन चित्रांच्या मध्येच निघून जाते.

वाकून सरपटत जाताना खेळच गायब होतो! व्हायरस आहे का?
— वाचक, मानेवाडा

नाही हो. वाकायला कंट्रोल आणि पुढे जायला डब्ल्यू, दोन्ही एकदम दाबले की टॅब बंद होतो. तो ब्राउझरचा शॉर्टकट आहे, साध्या टॅबमध्ये खेळाला तो अडवता येत नाही. वाकण्याचं बटण बदलून सी ठेवा. बदलता येत नसेल तर चालायला बाणांची बटणं वापरा. बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबून परत येतो.

गाठलेली पातळी बहुधा त्याच ब्राउझरमध्ये साठवलेली असते. इन्कॉग्निटो खिडकीत खेळलात, किंवा साफसफाई करताना ‘साइट डेटा’ पुसलात, तर गेली. आणखी एक: विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबला की ‘स्टिकी कीज’ची खिडकी मध्येच उभी राहते. सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटीत तो शॉर्टकट बंद करा.

डब्ल्यू दाबून ठेवला की टचपॅड मरतो. मान वळवताच येत नाही.
— विद्यार्थिनी, प्रतापनगर

टायपिंग करताना तळहाताचा धक्का लागू नये म्हणून विंडोज टचपॅड क्षणभर बंद ठेवतं. टचपॅडच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता ‘मोस्ट सेन्सिटिव्ह’ करा. खरं सांगायचं तर टचपॅडवर हा खेळ म्हणजे नुसता छळ. साधा वायरचा माउस घ्या. दिव्यांची रोषणाई असलेला गेमिंग माउस नको. माउसच्या सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ काढून टाका, म्हणजे हात जेवढा हलेल तेवढीच मान दर वेळी वळेल.

पोरगं अकरा वर्षांचं आहे. दहा मिनिटं खेळलं की मळमळते म्हणते, तरी पुन्हा बसते.
— एक आई, सक्करदरा

ताई, डोळ्यांना आपण धावतोय असं दिसतं आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं की बसलोय. या भांडणातून मळमळ होते. खेळाच्या सेटिंगमध्ये ‘एफओव्ही’ म्हणजे दिसण्याचा कोन असेल. तो 60-70 वर असेल तर 90 पर्यंत न्या. चालताना डोकं हलल्याचा परिणाम आणि मोशन ब्लर, म्हणजे वळताना चित्र धूसर करणं, बंद करा. पडद्यापासून हातभर लांब बसवा, खोलीत दिवा असू द्या. मळमळ सुरू झाली की तिथेच थांबवायचं, ‘सवय होईल’ म्हणून रेटू द्यायचं नाही. खेळ बंद केल्यावरही चक्कर टिकत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मोबाइलवर चालेल का?
— वाचक, धरमपेठ

पडद्यावर बोटाने दाबायची बटणं दिली असतील तरच. नसतील तर खेळ कीबोर्ड आणि माउसची वाट पाहत नुसता उभा राहील.