एका स्टारची धमकी

"ग्राहक वाट्टेल ते बोलतात आणि रेटिंगच्या भीतीने मीच त्यांची माफी मागत बसते. मी इतकी दुबळी आहे का?" ऑनलाइन विक्री करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. उत्तर म्हणून माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारात हाताने शिवलेल्या पिशव्या विकत. चार वर्षांची मेहनत आणि शेकडो चांगले रिव्ह्यू. पहिल्या भेटीला आल्या तेव्हा त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि पर्स लांब, दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली. "मेसेजचा आवाज झाला की पोटात गोळा येतो," म्हणाल्या.

झालं होतं असं, की एका खरेदीदाराला पिशवीचा रंग फोटोतल्यापेक्षा गडद वाटला. पहिला मेसेज साध्या तक्रारीचा होता. दुसऱ्यात 'चोर' आलं. रात्री साडेअकरापर्यंत शिव्या त्यांच्या आईपर्यंत पोचल्या. शेवटी अट आली: पूर्ण पैसे परत करा, पिशवीही माझ्याकडेच राहील, नाहीतर एक स्टार देतो. बाईंनी पैसे परत केले, वर तीनदा माफी मागितली. दोन महिन्यांनी त्याच माणसाची नवी ऑर्डर आली आणि पुन्हा तोच खेळ.

त्या भेटीत माझी चूक झाली. मी घाईने म्हणून गेले, "मनावर घेऊ नका." त्या एकदम गप्प झाल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "मनावर घ्यायचं नसतं हे मलाही कळतं हो. पण घेतलं जातं." खरंच होतं ते. शंभर चांगल्या शब्दांपेक्षा एक वाईट शब्द खोल रुततो, कारण माणसाचं मन धोक्याची दखल आधी घेतं. त्यात दुबळेपणा काही नाही.

समोरचा इतका का घसरतो, हेही त्यांना समजून घ्यायचं होतं. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 साली याची मांडणी केली आहे: पडद्याआड चेहरा दिसत नाही, आपल्या शब्दांनी समोरच्याचे डोळे भरून आलेले दिसत नाहीत, तेव्हा माणसाचा आतला लगाम सुटतो. खरेदीदाराला 'विक्रेता' नावाची एक चौकट दिसते, बाई दिसतच नाही. याने वागणं समजतं. ते क्षम्य मात्र ठरत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग आम्ही त्या माणसाचे सगळे मेसेज कागदावर छापून घेतले. तक्रारीखाली हिरवी रेघ, शिवीगाळ आणि धमकीखाली लाल. एकोणीस मेसेज होते. हिरवी रेघ दोनच वाक्यांखाली आली: रंग गडद आहे, आणि पिशवी वाटली त्यापेक्षा लहान आहे. बाई कितीतरी वेळ त्या कागदांकडे बघत राहिल्या. "म्हणजे मला फक्त या दोन वाक्यांना उत्तर द्यायचं होतं?"

हो, तेवढंच. आम्ही तिथेच बसून ते उत्तर लिहिलं: "रंग आणि आकाराबद्दलची तुमची तक्रार मिळाली. पिशवी परत पाठवलीत की पूर्ण रक्कम मिळेल. अपशब्द असलेल्या मेसेजना मी उत्तर देणार नाही." चूक आपली असेल तर माफी मागायची, पण एकदाच. त्यांची आधीची उत्तरं पानभर होती आणि प्रत्येक ओळीत त्या स्वतःला निर्दोष सिद्ध करत होत्या. शिवी देणाऱ्याला अशा उत्तरातून ओढायला नवा धागाच मिळतो.

पैसे देऊन आपण शांतता विकत घेतली, असं त्यांना वाटलं होतं. पण ज्या वागण्याचं फळ मिळतं ते वागणं माणूस पुन्हा करतो. आणि कधी फळ मिळालं, कधी नाही, असं झालं की ते आणखी चिवट होतं. म्हणून 'या वेळेपुरतं देऊन टाकते' हा मार्ग मला सर्वांत महागात पडणारा वाटतो.

त्यांच्या असहायतेचा काही भाग बाजाराच्या रचनेतही होता. ईबे या मोठ्या ऑनलाइन बाजारात पूर्वी विक्रेता आणि खरेदीदार दोघंही एकमेकांना शेरे देत. सूडाच्या शेऱ्याला घाबरून खरेदीदार खरं लिहीत नाहीत, म्हणून 2008 मध्ये विक्रेत्यांनी खरेदीदाराला वाईट शेरा देणं बंद करण्यात आलं. कारण रास्त होतं, पण पारडं झुकलं. मात्र रिव्ह्यूचा धाक दाखवून जादा काही उकळणं तिथे नियमाबाहेर आहे, आणि इतरही अनेक बाजारांचे असे नियम असतात. त्यामुळे ज्या मेसेजमध्ये पैसे आणि रिव्ह्यू एकाच वाक्यात आले, तो पुरावा. त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि रिव्ह्यू येण्याची वाट न बघता रिपोर्ट करायचा. बोलणं बाजाराच्या चॅटमध्येच ठेवायचं, खासगी नंबरवर नेऊ द्यायचं नाही. मग ब्लॉक. घरी येऊन बघून घेण्याची भाषा झाली तर मात्र प्रकरण सपोर्ट टीमपुरतं ठेवू नका, पोलिसांकडे जा.

फोनचं काय? मेसेज बघायच्या दोन वेळा ठरल्या आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत गेला. उत्तर लिहिण्याआधी मनात काय चाललंय ते एका शब्दात वहीत लिहायचं, असंही ठरलं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या 2007 च्या प्रयोगात, भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी जोडलेल्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली होती.

बाईंच्या वहीत राग असेल, असं मला वाटलं होतं. पानोपानी होती लाज. आम्ही त्यावर बरेच दिवस बोललो. लहानपणी घरात कुणाचाही आवाज चढला की ही मुलगी आधी माफी मागायची, कारण तसं केलं की आवाज खाली यायचा. त्या वयात तिने स्वतःला असंच सांभाळलं होतं. त्याला दुबळेपणा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी फोन टेबलावर ठेवला. दुसऱ्याच एका खरेदीदाराने धमकी खरी करून एक स्टार दिला होता. त्याखाली त्यांनी दोन ओळींचं सभ्य उत्तर लिहिलं होतं, ते मला वाचून दाखवलं.

"रडले नाही असं नाही," म्हणाल्या. "तासभर रडले. मग उठून पाच पार्सलं भरली."