मोटारहोमचा झरोका गळतो, दाद कुठे मागायची?

लातूरच्या एका वाचकाने ट्रॅव्हलर व्हॅनची मोटारहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतली. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या वर्कशॉपने छत कापून झरोका बसवला. ९ जुलै २०२४ च्या पावसात पाणी गादीवर. कारागीर दोनदा सिलिकॉन फासून गेला, तरी गळती तशीच. आता ते विचारतात, 'वकिलाची नोटीस पाठवू का?' पावसाळा तोंडावर आला की अशी पत्रे येतातच.

नोटीस पाठवा, पण तिने मुदत थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा हवा. आपण ९ जुलै २०२४ धरू, म्हणजे मुदत जुलै २०२६ पर्यंत. समोरचा मार्च २०२४ पासून मोजेल आणि मुदत मार्च २०२६ मध्येच गेली म्हणेल. 'साहेब, कधी येता?' असे मेसेज करण्यात तुम्ही इतके महिने घालवलेत, तेच आता नडते आहे. याच महिन्यात लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार द्या. राहत्या ठिकाणी ती चालते, पुण्याला जायला नको. सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा आणि त्यात कारागिराच्या दोन्ही भेटींच्या तारखा लिहा. वर्कशॉपला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

गाडी पर्यटकांना भाड्याने देत असाल तर तुम्ही 'ग्राहक' ठरता का, यावर वाद होऊ शकतो. छत कापल्याची आरटीओकडे नोंद नसेल तर तोही मुद्दा निघेल. कागद पाहिल्याशिवाय यापुढे बोलणार नाही.

झरोका मात्र घाईने उपटू नका, पुरावा तोच आहे. वर्कशॉपला सात दिवसांची लेखी सूचना द्या: 'अमुक तारखेला उघडणार, हजर राहा.' त्या दिवशी त्रयस्थ इंजिनिअरसमोर व्हिडिओ काढत फ्रेम उचला. खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी सीलपट्टी) आहे की नुसते सिलिकॉन? स्क्रूच्या भोकांभोवती गंज किती? छताच्या पन्हळींवर पॅकिंग न देता सपाट फ्रेम दाबली असेल, तर पाणी त्या खाचांतून आत शिरते. त्याचा फोटो जवळून घ्या. फ्रेम, स्क्रू आणि टेपचा तुकडा पिशवीत सीलबंद करून सह्या घ्या.

मग दुरुस्ती करून टाका. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाचांत, असे कायदा सांगतो. आयोगात तारखांवर तारखा पडतात आणि गाडी तेवढे पावसाळे सोसणार नाही. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडायला सांगा, त्यावर नवे सीलंट धरत नाही. आणि या खर्चाचे तरी पक्के बिल घ्या, भरपाईत तीच रक्कम मागायची आहे.