पास वर्षाचा, सुट्टी महिन्याची

अमेरिकेची विमानतिकिटं निघाली की माझ्याकडे येणारे प्रश्न एकदम फ्लोरिडातल्या ऑरलँडोकडे वळतात. महिनाभर मुलांकडे जायचंय, तिथल्या डिस्ने वर्ल्डच्या चार थीम पार्कांचा वार्षिक पास काढावा का? एका दिवसात दोन पार्क होतात का? पत्रं वेगळी, गोंधळ तोच, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो. दर आणि अटी या कंपन्या सतत बदलत असतात. त्यामुळे इथलं वाचून थेट कार्ड काढू नका. पैसे भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर अटी पाहा, आणि शंका उरली तर त्यांच्याच मदत क्रमांकावर विचारा.

प्रश्न : आम्ही दोघं मुलाकडे टॅम्पाला पाच महिने राहणार आहोत. तो फ्लोरिडाचा रहिवासी आहे. त्याच्या पत्त्यावर आम्हाला रहिवाशांचा स्वस्त पास मिळेल का?

नाही. प्रत्येक प्रौढाला रहिवासाचा पुरावा स्वतःचा द्यावा लागतो, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेला पाहुणा कितीही महिने राहिला तरी पाहुणाच. पिक्सी डस्ट आणि पायरेट हे पास फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी आहेत. सॉर्सरर रहिवाशांना आणि डिस्ने व्हेकेशन क्लबच्या सभासदांना मिळतो. बाहेरच्यांसाठी उरतो तो इन्क्रेडी-पास : दीड हजार डॉलरच्या वर, अधिक कर. मासिक हप्त्यांची सोयही रहिवाशांनाच. ‘तिथे कोणी विचारत नाही हो’ असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांना गेटवर सोबत न्या.

प्रश्न : आम्ही चौघं २४ दिवस ऑरलँडोत असू. गर्दीच्या दिवसांत एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या आसपास जातं. म्हणजे आठ दिवसांत पास वसूल, पुढचं सगळं फुकट. हिशोब बरोबर आहे ना?

भागाकार बरोबर आहे, मांडणी चुकली आहे. आणि ‘वसूल’ हा शब्द तुम्ही काढलाच आहे, तर आता जरा सविस्तर ऐका.

तुम्ही पासाची तुलना एका दिवसाच्या तिकिटाशी केलीत. पण २४ दिवस राहणारा माणूस रोज नवं एकदिवसीय तिकीट घेईल कशाला? डिस्ने वर्ल्डची तिकिटं एक ते दहा दिवसांची असतात, आणि दिवस वाढतील तसा दर दिवसाचा भाव उतरत जातो. दहा दिवसांच्या तिकिटात तो साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे तुमचा आठवा दिवस उजाडला तरी पास ‘वसूल’ झालेला नसतो.

आता दुसरी बाजू, जी तिकीटवाला आपणहून सांगत नाही. या तिकिटांना मुदत असते. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत संपवावं लागतं, पाच दिवसांचं आठ दिवसांत आणि दहा दिवसांचं चौदा दिवसांत. तुमच्या २४ दिवसांवर ते चटणीसारखं पसरता येत नाही. चौदा दिवसांत न वापरलेला दिवस गेला. त्यामुळे तुमची खरी तुलना अशी : पहिल्या आठवड्यात एक पाच दिवसांचं तिकीट, शेवटच्या आठवड्यात दुसरं, मध्ये विश्रांती. या दोन तिकिटांची हॉपरसह (एकाच दिवशी एकाहून जास्त पार्कात जाण्याची जादा सोय) बेरीज करा आणि मग ती पासाशेजारी ठेवा. तुमच्या तारखांवर अवलंबून आहे, कधी ती पासाच्या अगदी जवळ जाते, कधी बरीच खाली राहते.

बेरजेच्याही आधी एक कागद घ्या आणि प्रत्यक्ष गेटमधून आत जाण्याचे दिवस लिहा. सुट्टीचे दिवस लिहू नका. पहिले दोन दिवस झोपेचं चक्र जागेवर येण्यात जातात. मग कपडे धुण्याचा एक दिवस, पावसाचे एकदोन, नातेवाईकांकडे जेवणाचा एक, खरेदीचा एक, आणि एका मुलाला ताप येणारच. मी हा कागद अनेकांकडून भरून घेतला आहे. २४चे दहा-अकरा होतात. त्याहून जास्त क्वचितच.

ओळखीच्या एका कुटुंबाने चौघांचे पास काढले होते. सहाव्या दिवशी सकाळी धाकटा हॉटेलच्या तरणतलावाच्या कडेला पाय सोडून बसला आणि हलेना. वडील शेजारी उभे राहून फोनच्या कॅल्क्युलेटरवर त्याला दाखवत होते, की आज गेलं नाही तर किती डॉलर बुडतील. पोरगं सात वर्षांचं. ते पाण्यात उतरलं.

मग पास कोणी घ्यावा? ज्याची बारा महिन्यांत दुसरी फेरी नक्की आहे त्याने. यंदा २० डिसेंबरला आलात आणि पुढच्या वर्षी १० डिसेंबरच्या आत पुन्हा आलात, तर एका पासात दोन सहली बसतात. मात्र वर्षाची मोजणी नेमकी कोणत्या तारखेपासून सुरू होते ते लेखी विचारून घ्या. पासधारकाला थीम पार्कच्या पार्किंगचं शुल्क लागत नाही. एरवी ते रोजचे तीसेक डॉलर असतं. दुकानांतल्या बऱ्याच वस्तूंवर २० टक्क्यांपर्यंत सवलतही मिळते. पण गाडी एकच असेल आणि बिल एकच जण देत असेल, तर त्यासाठी घरात एक पास पुरतो. चौघांना कशाला?

ठरतच नसेल, तर आधी साधं तिकीट घ्या. त्याची मुदत संपण्याआधी गेस्ट रिलेशन्सच्या खिडकीवर गेलात, तर फरकाची रक्कम भरून सहसा त्याचा पास करून मिळतो. ‘सहसा’ म्हणतोय, कारण नोव्हेंबर २०२१मध्ये इन्क्रेडी-पासची नवी विक्रीच बंद झाली होती, ती थेट एप्रिल २०२३मध्ये सुरू झाली. म्हणून निघण्याआधी विक्री चालू आहे का, ते विचारा.

प्रश्न : पास असला की कुठल्याही दिवशी कुठल्याही पार्कात जाता येतं ना? कोणी म्हणतं दोननंतरच, कोणी म्हणतं कधीही.

हे दोन वेगळे ‘दोन वाजता’ आहेत, आणि समाजमाध्यमांवर ते एकमेकांत असे मिसळले आहेत की विचारू नका.

पहिला जुना. २०२१ ते २०२३ या काळात पहिल्या पार्कातून दुसऱ्यात दुपारी दोननंतरच जाता येत असे. ९ जानेवारी २०२४पासून ती अट गेली. आता हॉपर दिवसभर चालतो. दुसरा पासधारकांचा, आणि तो वेगळाच आहे. तारखेचं साधं तिकीट असणाऱ्याला त्याच दिवसापासून पार्कचं आगाऊ आरक्षण लागत नाही, पासधारकाला मात्र लागतं. जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त कागदपत्रं, असा हा उलटा न्याय. त्याला सूट आहे ती दुपारी दोननंतरच्या प्रवेशाला, आणि तीही शनिवार-रविवारी मॅजिक किंगडमला नाही. शिवाय कंपनी मधूनमधून काही दिवस आरक्षणमुक्त जाहीर करते.

इन्क्रेडी-पासला बंद तारखा नाहीत, याचा अर्थ तुमची जागा राखून ठेवली आहे असा होत नाही. नाताळच्या आठवड्यात जायचं असेल तर विमानाआधी आरक्षणाचं कॅलेंडर उघडा.

प्रश्न : रोज सकाळी एक पार्क, दुपारी दुसरा, रात्री तिसरा, असं बसवलं तर चालेल का?

कागदावर चालेल. डिस्ने वर्ल्डचा पसारा १०० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. चार पार्क म्हणजे एका जत्रेतले चार पाळणे नव्हेत.

समजा दुपारी दीडला मॅजिक किंगडममध्ये ‘चला, आता अ‍ॅनिमल किंगडम’ म्हणालात. आधी धाकटीला बाथरूम. मग मेन स्ट्रीटवरून गर्दीच्या उलट्या दिशेने बाहेर. बसथांब्यावर वीस मिनिटं, बसमध्ये तेवढीच. स्वतःची गाडी असेल तर ती तळ्याच्या पलीकडे, म्हणजे आधी मोनोरेल किंवा फेरी. भाड्याची बाबागाडी इथेच सोडायची आणि पावती दाखवून तिकडे दुसरी घ्यायची. पुन्हा बॅग तपासणी, पुन्हा यंत्रावर बोट. आत पाऊल पडेपर्यंत पावणेतीन. जून-जुलैत हीच गडगडाटाची वेळ, आणि जवळपास वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबतात. त्यातून अ‍ॅनिमल किंगडम सहसा चौघांत सगळ्यात आधी मिटतो. हा सकाळचा पार्क आहे.

एकच जोडी मी बिनधास्त सुचवतो : सकाळी हॉलिवूड स्टुडिओज, संध्याकाळी एपकॉट. २०१९पासून या दोघांमध्ये स्कायलायनर या रोपवेचे पाळणे फिरतात. कॅरिबियन बीच स्थानकावर एकदा बदलावं लागतं. बोट आहे, आणि पाय चालत असतील तर अर्ध्या तासाची पायवाटही आहे. एपकॉटमधली अकरा देशांची दालनं तशीही उशिरा उघडतात, त्यामुळे सकाळ तिथे घालवण्यात फारसा अर्थ नाही.

आणि सुट्टी लांब असेल तर हॉपरची गरज कमी होते. तीन दिवसांसाठी आलेल्याने चार पार्क गाठायला उड्या माराव्यात. आठ दिवस हाताशी असतील, तर प्रत्येक पार्क दोनदा होतो. हॉपरच्या जादा पैशांवर टिचकी मारण्याआधी मुलांना विचारा.

प्रश्न : डिस्नेजवळच्या किसिमीच्या रस्त्यावर निम्म्या दरात तिकिटं मिळतात असं ऐकलंय. उरलेल्या दिवसांची तिकिटंही विकतात म्हणे. घ्यावीत का?

नाही, नाही आणि नाही.

अर्धं वापरलेलं बहुदिवसीय तिकीट दुसऱ्याला विकणं हा फ्लोरिडाच्या कायद्याने गुन्हा आहे. दहा वर्षांपुढच्या प्रत्येकाच्या तिकिटाला गेटवर बोटाची ओळख जोडली जाते. दुसऱ्याचं बोट जुळत नाही, आणि पोरांसमोर तुम्ही बाजूला काढले जाता. विकणारा तेव्हा ठेल्यासकट नाहीसा झालेला असतो.

तिकीट खरं असूनही स्वस्त असेल, तर त्याची किंमत तुमची सकाळ असते. ‘फक्त नव्वद मिनिटं, नाश्ता आमच्याकडून’ म्हणून टाइमशेअरच्या, म्हणजे वर्षातले काही दिवस सुट्टीघर वापरण्याचा हक्क विकण्याच्या, सादरीकरणाला बसवतात. नव्वदचे तीन तास होतात. विक्रेता बदलतो, मग त्याचा साहेब येतो, मग ‘फक्त आजचा’ भाव येतो. सही केलीच असेल तर घाबरू नका, पण वेळही घालवू नका. फ्लोरिडात असा करार दहा दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो. रद्द करायचं ते लेखी आणि करारात दिलेल्या पद्धतीनेच. रक्कम मोठी असेल तर तिथल्या वकिलाला त्याच आठवड्यात गाठा. मला पत्र लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. मागच्या वर्षी एकांचं पत्र सही केल्यावर तीन आठवड्यांनी आलं होतं.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, स्टेंट बसवलेला आहे. पासधारकांना रांग कमी असते का?

पासाचा रांगेशी संबंध नाही. कमी रांगेसाठी लाइटनिंग लेन वेगळी विकत घ्यावी लागते, पास असला तरी. अपंगत्वासाठी एक स्वतंत्र सोय आहे, पण मे २०२४पासून तिचा भर ऑटिझमसारख्या अडचणींवर आहे. गुडघेदुखीला ती मिळेल असं धरून चालू नका. व्हीलचेअर मात्र प्रत्येक पार्कात भाड्याने मिळते आणि बहुतेक रांगांतून ती जाते. सकाळी लवकर घ्या, संपतात. पावती जपलीत तर त्याच दिवशी दुसऱ्या पार्कात पुन्हा पैसे पडत नाहीत.

कोणत्या राइडला बसायचं हे मी सांगणार नाही. ते त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारा, आणि निघायच्या आदल्या दिवशी नको. ऊन आणि दमट हवेचाही विषय काढा, औषधांच्या वेळा बदलाव्या लागू शकतात. प्रवास विम्यात आधीपासूनचा हृदयविकार धरलेला आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न : ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलचं एका पार्कचं तिकीट आहे. हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स एक्सप्रेसमध्ये बसता येईल?

नाही. ती गाडी एका पार्कातून दुसऱ्यात नेते, त्यामुळे दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं. आणि एपिक युनिव्हर्स हा नवा पार्क मे २०२५मध्ये उघडला तेव्हा वार्षिक पासांत नव्हता. जुन्या पासावर तिथे जायच्या बेतात असाल तर आधी विचारा.

प्रश्न : नातू दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे. तिकीट लागेल?

तीन पूर्ण होईपर्यंत नाही. पासपोर्ट जवळ ठेवा. सहलीतच वाढदिवस येत असेल तर आधी फोन करा.

प्रश्न : फ्लोरिडाचा पास कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला चालतो का?

नाही. तिथल्या पासाची योजना वेगळी आहे.

प्रश्न : परवा निघतोय. अजून काहीच घेतलेलं नाही. पास घेऊ की तिकीट?

परवा! पास घेऊ नका. इतक्या घाईत अटी वाचून होत नाहीत. पहिल्या आठवड्यापुरतं तारखेचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, हॉपर न घेता. हॉपर नंतर जोडता येतो, काढता येत नाही. तिकिटावर नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा, घरातली हाक मारायची नावं नकोत. आणि विमानात बसायच्या आधी सगळी तिकिटं एकाच फोनमध्ये घ्या, म्हणजे गेटसमोर उन्हात एकमेकांचे पासवर्ड विचारत उभं राहायला नको.