परसातील पिल्लांचे रंग आणि उबवणीच्या तक्रारी

या महिन्यात कोंबड्यांविषयी आलेल्या पत्रांतील चार पत्रे निवडली आहेत. चारही कोल्हापूर जिल्ह्यातील आहेत आणि त्यांपैकी तिघांनी, वेगवेगळ्या शब्दांत, कोणावर तरी फसवणुकीचा संशय घेतला आहे किंवा दैवाला दोष दिला आहे.

प्रश्न : माझी तांबडी गावठी कोंबडी गेल्या महिन्यात खुडूक झाली. तिचीच जमवलेली अकरा अंडी तिच्याखाली ठेवली आणि एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी नऊ पिल्ले निघाली. आमचा कोंबडाही तांबडाच आहे. तरी चार पिल्ले पाठीवर पट्टे असलेली, दोन पिवळसर आणि तीन काळी, पण पोटाला पांढरी अशी आहेत. सासूबाई म्हणतात की अंडी कोणीतरी बदलली. ही पिल्ले मोठेपणी कोणत्या रंगाची होतील? (एक वाचक भगिनी, वडणगे, ता. करवीर)

उत्तर : अंडी बदललेली नसावीत, तीन पिल्लांचा बाप मात्र निराळा असावा. हे असे ठामपणे का म्हणता येते, ते सांगण्यापूर्वी पिल्लांच्या अंगावरच्या लवेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पहिल्या दिवशीची लव हा पक्ष्याचा पुढचा रंग नसून त्या रंगाची केवळ खूण असते.

खारीच्या पाठीसारखे पट्टे असलेली आपली चार पिल्ले ही गावठी कोंबडीची सर्वांत जुनी तऱ्हा आहे. तांबड्या रानकोंबड्याची, म्हणजे आपल्या पाळीव कोंबडीच्या मूळ पूर्वजाची, पिल्ले अशीच असतात. रानातल्या पाचोळ्यात दबून बसलेले पट्टेरी पिल्लू वरून जाणाऱ्या घारीला सहज दिसत नाही. या चारांपैकी जे नर असतील त्यांची छाती काळी आणि मान-पाठ तांबडी-सोनेरी होईल, तर माद्या मातकट तपकिरी होऊन त्यांची छाती फिकट विटकरी राहील. पाचव्या ते आठव्या आठवड्यात छातीवर काळी पिसे डोकावू लागली की तो नर, असे या रंगापुरते बहुधा बरोबर ओळखता येते.

पिवळसर पिल्ले पांढरी होतात असा सर्वसाधारण समज आहे आणि व्यापारी जातींच्या पांढऱ्या कोंबड्यांकडे पाहून तो झाला आहे. गावठी आणि विशेषतः असील या झुंजीच्या जातीच्या कोंबड्यांमध्ये गव्हाळ रंगाचा एक प्रकार असतो, ज्याची पिल्ले मलईसारखी पिवळट असतात. हा गुण दोन्ही आईबापांत दडून राहू शकतो आणि दोघांकडून एकाच पिल्लात उतरला तरच दिसतो. आपल्या तांबड्या जोडीपासून अशी दोन पिल्ले होणे अगदी स्वाभाविक आहे. ती मोठी होऊन गव्हाळ तलंगा (तरुण माद्या) किंवा तांबडे कोंबडे होतील.

राहिली तीन काळी. काळ्या अंगावर पोट आणि पंखांची टोके पांढरी असलेले पिल्लू पुढे पूर्ण काळे होते. पंखांची पहिली पिसे कधी कधी पांढरी येतात, पण ती गळून काळी पिसे येतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र हा सर्वांगी काळेपणा प्रबळ गुण आहे. तो आईबापांपैकी एकात असला की अंगावर दिसतोच, दडून राहत नाही. आपली कोंबडी आणि कोंबडा दोघेही तांबडे असतील, तर काळेपण तिसऱ्याकडून आले आहे. शेजारपाजारी कोणाचा काळा कोंबडा आहे का, याची चौकशी करावी, आणि तो अलीकडे दिसलेला नसला तरी त्याला निर्दोष समजू नये. कोंबडीच्या अंडनलिकेत नराचे शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि एकदा संयोग झाल्यावर पुढे दोन ते तीन आठवडे ती फलित अंडी देऊ शकते. अकरा अंडी जमण्यास जो पंधरवडा लागला, त्यात एकाच घरट्यात दोन बापांची अंडी सहज जमा होतात. ज्यांना जात राखायची आहे त्यांनी नको असलेला कोंबडा दूर केल्यावर तीन आठवडे अंडी खाण्यासाठी वापरावीत आणि त्यानंतरचीच उबवावीत.

प्रश्न : काळ्या कातडीच्या कडकनाथ जातीची जोडी आणली होती. मादी मुंगसाने मारली. त्या कोंबड्यावर घरच्या पिवळ्या पायांच्या गावठी कोंबड्या ठेवल्या. पहिल्या खेपेस चौदा पिल्ले निघाली. त्यांतील सहा कातडीने काळी आणि आठ गोरी आहेत. ज्याच्याकडून जोडी घेतली त्याने अस्सल कोंबडा दिला नाही, असे समजावे का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : उलट, आपण सांगितलेल्या लक्षणांवरून कोंबडा अस्सल असण्याचीच शक्यता अधिक वाटते. आपल्याकडून अजाणता एक जुना आणि प्रसिद्ध प्रयोग पुन्हा घडला आहे. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी काळ्या कातडीच्या सिल्की जातीचा कोंबडा ब्राऊन लेगहॉर्न कोंबडीवर ठेवला, तेव्हा मुली काळ्या आणि मुलगे गोरे निघाले. उलट जोडी लावली तेव्हा सगळीच पिल्ले गोरी निघाली. हे निष्कर्ष त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केले.

यामागे दोन गुणांचा खेळ आहे. कडकनाथ आणि सिल्की यांच्या कातडीत, मांसात, हाडांच्या आवरणात काळा रंग पसरवणारा एक गुण असतो आणि तो प्रबळ आहे. दुसरा गुण या रंगाला कातडीत उतरू न देणारा, म्हणजे अटकाव करणारा आहे. तो बहुतेक पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत असतो, कडकनाथमध्ये नसतो. हा अटकाव लिंगाशी जोडलेला आहे. पक्ष्यांमध्ये माणसाच्या उलट व्यवस्था असते: नराकडे दोन सारखी लिंगगुणसूत्रे, तर मादीकडे दोन वेगळी. त्यामुळे आईजवळचा अटकाव तिच्या मुलग्यांनाच मिळतो, मुलींना मिळत नाही. आपल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांनी तो मुलग्यांना दिला आणि ते गोरे झाले. मुलींना बापाचा काळेपणा मिळाला आणि त्याला अडवणारे कोणी नव्हते. तेव्हा आपली सहा काळी पिल्ले माद्या आणि आठ गोरी पिल्ले नर असावीत. पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येण्याची ही सोय फुकट मिळालेली आहे. मात्र निळसर, पाटीच्या रंगाच्या किंवा हिरवट पायांच्या गावठी कोंबड्यांत हा अटकाव नसतो, त्यामुळे त्यांच्यावर कडकनाथ ठेवल्यास मुलगेही काळे निघतात आणि ही खूण उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगितली पाहिजे. या सहा काळ्या तलंगा दिसायला कडकनाथ वाटल्या तरी त्या संकरित आहेत आणि त्यांची पिल्ले पुढे कोणत्याही रंगाची निघतील. त्या कडकनाथ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि आपण ज्या फसवणुकीची शंका घेतली होती तिचेच ते दुसरे रूप ठरेल. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागाची जात असून २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिची अंडीही काळी नसतात. ती फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाची असतात. काळी अंडी दाखवणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

पिवळ्या पायांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्या कोंबड्यांच्या पायांचा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे ज्याची तुटक, खरखरीत बांग ऐकू येते तो हाच पक्षी. दोन रानांचे वारस आपल्या एकाच डालग्याखाली झाकलेले असतात, हे मला तरी मोठे नवल वाटते.

प्रश्न : जुलै महिन्यात लहान उबवणी यंत्रात तीस अंडी लावली. अठराव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा सतरा अंड्यांत पिल्लू होते. निघाली फक्त नऊ. उरलेली फोडून पाहिली तर पूर्ण वाढलेली, पण ओली आणि सुजल्यासारखी पिल्ले मेलेली होती. यंत्राबरोबरच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे पाण्याची वाटी कायम भरलेली ठेवली होती. (एक वाचक, पन्हाळा)

उत्तर : दोष त्या वाटीचाच आहे. कागद लिहिणाऱ्याने पन्हाळ्याचा पाऊस पाहिलेला नाही.

अंड्यातील पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून सतत उडत असते आणि पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटणे आवश्यक असते. त्या घटीमुळे रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडण्याआधी त्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते. मुळातच दमट असलेल्या पावसाळी हवेत यंत्रात पाणी भरून ठेवले, तर वजन घटत नाही, पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू आतल्या आत गुदमरते. आपण केलेले वर्णन नेमके याचेच आहे.

स्वस्त यंत्रांतील आर्द्रतेचा काटा विश्वासाचा नसतो, म्हणून स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरावा. दहा अंडी एकत्र तोलून आकडा लिहून ठेवावा. ती ४५० ग्रॅम भरली, तर अठराव्या दिवशी ३९५ ग्रॅमच्या आसपास यावीत. आठवड्यानंतर घट कमी दिसली तर वाटी काढून घ्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये पहिले अठरा दिवस पाण्याशिवायच काम भागण्याचा संभव आहे. शेवटच्या तीन दिवसांत मात्र अंडी फिरवणे थांबवावे आणि पाणी ठेवून आर्द्रता ६५ ते ७० टक्के करावी, नाहीतर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस असावे. वीज गेल्यास झाकण न उघडता यंत्रावर गोधडी टाकावी.

कवचाला पहिली टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. त्या काळात पिल्लू स्वस्थ पडलेले दिसले तरी ते पोटात बलक ओढून घेत असते. दया येऊन कवच सोलल्यास पापुद्र्यातील जिवंत रक्तवाहिन्या तुटतात. निघालेली पिल्लेही लव वाळेपर्यंत यंत्रातच राहू द्यावीत. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस निभावतात.

प्रश्न : वळवाच्या पावसात ढग गडगडले की कोंबडीखालची अंडी नासतात, म्हणून आमच्याकडे घरट्यात लोखंडाचा तुकडा ठेवतात. यात तथ्य आहे का? (एक वाचक, कागल)

उत्तर : लोखंडाने अपाय नाही आणि उपायही नाही. एप्रिल-मे महिन्यांत अंडी अधिक नासतात, हे निरीक्षण मात्र खरे आहे. उबवण्यासाठी जमवलेले अंडे २५ अंशांपेक्षा फार तापलेल्या खोलीत राहिले, तर आतील गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि पुरेशी ऊब न मिळाल्याने मरतो. मग कोंबडी बसते, वळीव येतो, गडगडाट होतो, पंधरा दिवसांनी अंडी नासकी निघतात आणि दोष ढगांवर जातो. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी कोंबडीखाली ठेवू नयेत. तोपर्यंत ती ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. फ्रीजमध्ये ठेवू नयेत, तेथील थंडी गर्भाला सोसत नाही. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे, पण ते अंड्यांना लागू देऊ नये.