वाचकांचे प्रश्न : डोरोथी खरंच गेली होती का?

प्रश्न : बाई, सुट्टीत चौथीतल्या मुलीला १९३९चा 'द विझार्ड ऑफ ऑझ' दाखवला. तिला इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून मी शेजारी बसून सांगत गेले. पिक्चर तिला फार आवडला. पण शेवटी डोरोथी पलंगावर जागी होते आणि घरची माणसं 'तुला स्वप्न पडलं होतं' म्हणतात, तिथं ती रडायलाच लागली. 'मग डोरोथीसोबतचा तो भित्रा सिंह खोटाच का?' असं सारखं विचारतेय. काय सांगू?
— एक आई, मानवत, जि. परभणी

उत्तर : ताई, तिला सांगा, डोरोथी खरंच गेली होती. नुसती समजूत काढायला सांगत नाही मी हे. ज्या पुस्तकावरून पिक्चर निघाला ते एल. फ्रँक बॉम यांचं पुस्तक १९०० साली आलं आणि त्यात स्वप्नबिप्न काही नाही. वादळ डोरोथीला घरासकट ऑझ नावाच्या जादूच्या देशात उचलून नेतं ते नेतंच. डोरोथी परत येते तेव्हा हेन्रीकाकांनी नवं घर बांधलेलं असतं, कारण जुनं उडून गेलेलं. एमकाकू कोबीला पाणी घालायला बाहेर येते, मान वर करून बघते तर पोर पळत येतेय. पायातले चांदीचे जादूचे बूट तेवढे वाटेत वाळवंटात गळून पडतात, ते कायमचेच. मुलीला ते नवं घर नक्की सांगा. लेकरांना पुरावा लागतो, आणि बॉमनं तो देऊन ठेवलाय.

स्वप्नाचा शेवट पिक्चरवाल्यांनी घातला. मला तो पटत नाही. एवढा जीव लावून केलेला प्रवास पोरीच्या हातून काढून घेतल्यासारखं होतं. तरी त्या शेवटासाठी त्यांनी सुरुवातीला जी पेरणी केली ती फार सुंदर आहे, आणि ती मुलीला परत दाखवा. शेतावरचे तीन गडी आठवतात? एक जण डोरोथीला म्हणतो, तुझं डोकं काही पेंढ्याचं नाही. तोच पुढं बुजगावणं होऊन भेटतो. दुसरा तिला डुकरांच्या वाड्यातून उचलून बाहेर काढतो आणि मग स्वतःच थरथरत बसतो, तो सिंह. म्हणजे तुमच्या मुलीचा सिंह पिक्चरमध्येसुद्धा खोटा नाही. तो घरीच होता, आणि तो भित्रा होता तेव्हाही त्यानं पोरीला वाचवलंच होतं.

आता तुम्ही न विचारलेलं एक सांगते, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पुस्तकाची पहिली दोन-तीन पानं मुलीला मराठीत सांगा. पुस्तकाचे हक्क कधीच संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, आणि इंग्रजी सोपं आहे. त्या पानांत डोरोथीच्या घराभोवतीचा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा माळ आहे. नांगरलेलं रान उन्हानं भाजून करडं पडलंय, त्याला भेगा गेल्यात, गवतसुद्धा हिरवं नाही. घराला एकदा रंग दिला होता, तो उन्हानं पोपडून निघाला आणि पावसानं धुऊन नेला. एकाच खोलीचं घर, आणि वादळ आलं की लपायला जमिनीत आपल्या पेवासारखा खड्डा. एमकाकू लग्न होऊन आली तेव्हा देखणी होती. ऊन-वाऱ्यानं तिच्या डोळ्यांतली चमक आणि गालांवरची लाली नेली. हेन्रीकाका कधी हसतच नाहीत.

बॉम १८८८ ते १८९१ या काळात अमेरिकेतल्याच डाकोटातल्या अ‍ॅबर्डीन गावी राहत होता. तिथं त्यानं दुकान टाकलं. दुष्काळ पडला, गिऱ्हाइकाकडं पैसा राहिला नाही आणि दुकान बंद झालं. मग वर्तमानपत्र चालवलं, तेही टिकलं नाही. तोच कोरडा माळ त्यानं पुढं कॅन्ससच्या नावानं लिहिला, असं अभ्यासक मानतात.

धारूर तालुक्यातल्या एका शाळेत मी ही पानं मराठीतून वाचून दाखवली होती. हंगाम चालू होता. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले, मुलं आजी-आजोबांजवळ. डोरोथी अनाथ आहे, काका-काकूंकडं राहते, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. डोरोथी पहिल्यांदा घरात हसली तेव्हा एमकाकू दचकून ओरडली आणि तिनं छातीला हात लावला, असं एक वाक्य आहे. त्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "आमची आजी बी अशीच दचकती." एका मुलीनं विचारलं, "बाई, तिथं बी पाऊस नव्हता का?" पुस्तकाची एवढी जवळून चौकशी मी शहरातल्या वर्गात ऐकलेली नाही.

पुढं बुजगावणं डोरोथीला विचारतं, हा एवढा सुंदर देश सोडून त्या करड्या, कोरड्या जागी तुला परत कशाला जायचंय? डोरोथी त्याला काय उत्तर देते ते वाचायच्या आधी मी पुस्तक मिटलं आणि वर्गाला विचारलं. "काकू रडत असंल म्हणून." "रान कोण बघंल?" एक जण म्हणाला, "पाऊस आल्यावर हिरवं होतंय की." लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखातली ही मुलं. पिक्चरमधलं 'घरासारखी दुसरी जागा नाही' हे प्रसिद्ध वाक्य ऐकताना मला आता हीच उत्तरं आठवतात. तुमच्या मुलीलाही तिथं थांबून विचारा आणि तिचं उत्तर मला कळवा.

प्रश्न : नातवानं हाच सिनेमा टीव्हीवर लावला. सुरुवातीचं चित्र सगळं तपकिरी दिसतं, रंग नंतर येतात. प्रत खराब आहे की आमचा टीव्ही?
— एक आजोबा, उदगीर

उत्तर : काका, टीव्ही ठीक आहे, प्रतही ठीक आहे. कॅन्सस मुद्दाम तपकिरी ठेवलंय, पुस्तकातल्या करड्या रानाचा तो पडद्यावरचा अवतार. घर ऑझमध्ये आदळल्यावर डोरोथी दार उघडते आणि बाहेर टेक्निकलर रंग फुटतात. ते दार नातवाबरोबर नीट बघा. घराची आतली बाजू चक्क तपकिरी रंगवली होती आणि तपकिरी कपड्यातली दुसरीच मुलगी पाठमोरी उभी करून दार उघडून घेतलं. ती बाजूला सरली की निळ्या झग्यातली, डोरोथीचं काम करणारी खरी जुडी गार्लंड पुढं येते. दाराचा हा प्रसंग सगळा रंगीत फिल्मवरच चित्रित केलेला. पुस्तकातले चांदीचे बूट पडद्यावर माणकासारखे लाल झाले तेही रंग उठून दिसावा म्हणूनच. आणि ती वावटळ म्हणजे सुमारे ३५ फूट लांबीची मलमलीची नळी, वरून टांगून फिरवलेली.

प्रश्न : याच पिक्चरमधल्या हिरव्या तोंडाच्या चेटकिणीला माझा पाच वर्षांचा मुलगा घाबरतो. दाखवू की नको?
— एक वडील, अंबड

उत्तर : रात्री नको, आणि एकट्याला तर नकोच. उडती माकडं येतात तेव्हा त्याला मांडीवर घ्या. चेटकिणीचं काम केलेल्या मार्गारेट हॅमिल्टन नटी होण्याआधी बालवाडीच्या बाई होत्या, हे त्याला आधीच सांगून ठेवा. रंग पुसला की त्या मुलांना शिकवणाऱ्या बाई. तरीही रडला तर बंद करा. सात-आठ वर्षांचा होऊ द्या, पिक्चर कुठं पळून जात नाही.

प्रश्न : ऑझमधली पाचूची नगरी खरंच पाचूची असते का?
— सातवीतली एक वाचक, गेवराई

उत्तर : पिक्चरमध्ये हो, बाळा. पुस्तकात मात्र वेशीवरचा रखवालदार आत येणाऱ्या प्रत्येकाला हिरवा चष्मा घालतो आणि त्याला कुलूप लावतो, म्हणून सगळं एवढं हिरवंगार दिसतं. ही युक्ती कुणी काढली आणि का, ते पंधराव्या प्रकरणात आहे. वाचून काढ.