खारं पाणी आणि कुकरची रिंग

प्रश्न : डिसेंबरात आम्ही घरचे सात जण तारकर्लीला निघालोय. सासू-सासऱ्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. मुलगा म्हणतो वॉटरप्रूफ कॅमेरा घेऊ. दीर म्हणतात, माझा फोन आयपी 68 आहे, तोच पाण्यात नेऊ. केळीचे पैसे आलेत, तरी कॅमेऱ्यावर पाच-सहा हजारांच्या वर खर्च नको. काय घ्यावं?
— एक भगिनी, रावेर तालुका

उत्तर : ताई, कॅमेरा घेऊच नका. जळगावात पस्तीस वर्षं कॅमेरे उघडून पोट भरलंय, म्हणून सांगतो.

खरोखर पाण्यात न्यायचे कॅमेरे आहेत. ओएम सिस्टिम कंपनीचा टीजी-7 हा कॅमेरा 15 मीटर खोलीपर्यंत चालतो, गोप्रो कंपनीचे बहुतेक कॅमेरे वरच्या डबीशिवाय 10 मीटरपर्यंत. पण त्यांच्या किमती तुमच्या आकड्यात बसत नाहीत. पाच हजारांच्या आत ऑनलाइन जे छोटे ॲक्शन कॅमेरे दिसतात, त्यातल्या बहुतेकांत कॅमेरा वॉटरप्रूफ नसतो, सोबतची प्लास्टिकची डबी असते. डबी लावली की आवाज घोगरा येतो, आणि खोक्यावर छापलेल्या ‘फोर के’वर, म्हणजे फार स्पष्ट व्हिडिओच्या दाव्यावर, फार विसंबू नका.

सेकंडहँड तर नकोच. या कॅमेऱ्यांचा सगळा जीव बॅटरीच्या झाकणामागच्या रबरी रिंगेत असतो. ती वर्षाला बदला, असं कंपन्याच सांगतात. आपल्याकडे 45 अंशांच्या उन्हाळ्यात कॅमेरा माळ्यावर पडून असतो. अशी रिंग मी नखाने दाबून पाहिलीय, कडक झालेली असते. कुकरची रिंग जुनी झाली की शिट्टी होत नाही, बाजूने वाफ जाते ना, तसंच. इथे फक्त बाहेरचं पाणी आत येतं.

रिंग नवी असली तरी बेफिकीर राहू नये. हे मी माझ्याच चुकीवरून शिकलो. मालवणच्या किनाऱ्यावर बॅटरी बदलली आणि झाकण गळ्यातल्या रुमालाने पुसलं. रुमालाचा एक धागा, केसाएवढा, रिंगेवर राहिला. दहा मिनिटांत पडदा काळा. बरोबरचा मित्र अमळनेरचा, त्याने विचारलं, “काय व्हयनं रे भाऊ?” मी काही बोललो नाही. घरी येऊन उघडला तर पितळी टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढल्यासारखं मीठ. दुसऱ्यांचे असले कॅमेरे शेकड्याने उघडले होते, हा माझा होता.

आता दिरांच्या फोनचं. आयपी 68 मधला 6 धुळीपासून बचावाचा, 8 पाण्यापासून बचावाचा. दुसरा आकडा 7 असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. 8 म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. आणि ही चाचणी गोड्या पाण्यात होते, तीही नव्याकोऱ्या फोनवर. दिरांचा फोन एकदा पडून काच बदललेली असेल, तर तो आकडा विसरा. पाणी शिरलं तर वॉरंटीत सहसा बसत नाही.

मग करायचं काय? घरातला एखादा जुना, पण बऱ्या कॅमेऱ्याचा फोन शोधा. त्याला गळ्यात अडकवायचा वॉटरप्रूफ पाउच घ्या, पाचशेच्या आतबाहेर मिळतो. निघण्याआधी पाउचमध्ये कागदी रुमाल आणि तळाला जायला एखादा गोटा घाला, क्लिप लावा, बादलीत रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तरच फोन आत जाईल. ही परीक्षा न घेता पाउच वापरणारेच माझ्याकडे येतात.

पाण्याखाली स्क्रीनला बोट लावून फोटो निघत नाही. पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे स्क्रीन गोंधळते. व्हिडिओ आधीच चालू करून हात खाली न्या, किंवा आवाजाच्या बटणाने टिपा. पाउच कमरेएवढ्या पाण्यासाठी आहे, स्कुबाला, म्हणजे टाकी लावून खोल डुबकी मारायला, नेऊ नका. तिथले स्कुबावाले बरेचदा व्हिडिओ स्वतःच काढून देतात. भाव ठरवताना तो त्यात धरलाय का, विचारून घ्या.

संध्याकाळी पाउच बंद असतानाच गोड्या पाण्याने धुवा. मीठ सुकलं की त्याचे खडे होतात आणि क्लिपची कड खातात. उघडायचा तो खोलीवर, पंखा बंद करून, हात पुसून. वाळूत बसून नाही.

उरलेल्या पैशांत सासू-सासऱ्यांना होडीने सिंधुदुर्ग किल्ला दाखवा. होडीत फोटो काढताना फोन मुलाच्या गळ्यात असू द्या, हातात नको.

प्रश्न : समुद्रात पडलेला फोन तांदळात ठेवला तर सुधारतो का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. तांदूळ मीठ ओढून घेत नाही, उलट त्याचा भुसा चार्जिंगच्या भोकात जातो. फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, सिम काढा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि त्याला खरं सांगा. निम्मे गिऱ्हाईक ‘पाण्यात पडलाच नाही’ म्हणतात आणि मी मागची पट्टी उघडली की आतून वाळू टेबलावर पडते.